लाल पेन्सिल

"तू कॉम्प्युटरवाला असून कागद मागतो?"

मतदान यंत्राऐवजी कागदावर व्हावं, असं मी घरच्या ग्रुपवर लिहिलं होतं. त्यावर जिभाऊंचा हा मेसेज पडला, तेव्हा मी मुलीला बाकफीत्समध्ये, म्हणजे पुढे खोकं असलेल्या सायकलमध्ये, बसवत होतो. बाहेर रिपरिप चालू, शाळेची घंटा दहा मिनिटांवर. खाली पाच हसरे चेहरे होते आणि मग अहिराणीत शेवटचा टोला: "तू तठे बशीसन आमले शिकाडू नको, भाऊ."

जिभाऊ माझे थोरले चुलतभाऊ. दोंडाईच्याला त्यांची मिरचीची आडत आहे. फोनवरून पैसे घेण्यात आणि देण्यात ते माझ्यापेक्षा चार वर्षं पुढे आहेत. मतदान यंत्रावर कोणी शंका घेतली, की ती त्यांना मिरचीच्या मालावर घेतल्यासारखी लागते.

नोव्हेंबर २०२४ चा विधानसभेचा निकाल लागल्यापासून आमच्या ग्रुपमध्ये दोन तट आहेत. एका तटाला यंत्रात गडबड झाल्याची खात्री, दुसऱ्याला ते हरलेल्यांचं रडगाणं वाटतं. सोलापूरकडच्या मारकडवाडीने कागदावर मतदान घेऊन पाहायचं ठरवलं आणि प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. त्या आठवड्यात दोन काकांनी ग्रुप सोडला, परत आले, पुन्हा सोडला. मला राग दोन्ही तटांचा येतो, पण जिभाऊंचा जास्त, कारण कागद मागणारा अडाणी असं त्यांनी धरूनच टाकलंय.

मी पोटापाण्यासाठी मोठ्या यंत्रांचं नियंत्रण करणारं सॉफ्टवेअर लिहितो. दर आठवड्याला मला माझ्याच कोडमध्ये माझाच बग सापडतो. युनिक्स ही संगणकप्रणाली घडवणाऱ्या केन थॉम्पसनने १९८४ मध्येच दाखवून दिलं होतं, की सोर्स कोड ओळन्‌ओळ वाचला तरी त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या कंपायलरमध्ये लपवलेलं चोरदार दिसत नाही. इंटरनेटवरच्या व्यवहारांना कुलूप लावणाऱ्या आरएसए पद्धतीतला 'आर' ज्याच्या नावाचा, तो रॉन रिव्हेस्ट तर सरळ सांगतो, की सॉफ्टवेअरमधली न सापडलेली चूक निकाल गुपचूप बदलू शकत असेल, तर ती पद्धत निवडणुकीच्या कामाची नाही. आता सांगा, ही माणसं अडाणी?

आणि ज्या देशात मी राहतो, तिथे हा प्रयोग पूर्ण होऊन संपलाय. २००६ पर्यंत जवळजवळ सगळा नेदरलँड्स नेडाप कंपनीच्या यंत्रांवर मत देत होता. मग रोप खोंखराइप नावाचा जुना हॅकर आणि त्याच्या मित्रांनी यंत्र उघडलं. हे फक्त मतं मोजतं, दुसरं काही करू शकत नाही, असं सांगितलं जात होतं. यांनी त्यातली चिप बदलली आणि त्याला बुद्धिबळ खेळायला लावलं. त्याहून मजा म्हणजे, एका पक्षाच्या नावात एका अक्षरावर तिरकी रेघ होती. ती दाखवताना पडद्याची लय बदलायची आणि बाहेर रेडिओ घेऊन बसलेल्याला कळायचं, की आत कोण कुणाला मत देतंय. दोन वर्षांत यंत्रं गेली, मतपत्रिकेवर खूण करायची लाल पेन्सिल परत आली. २००९ मध्ये शेजारच्या जर्मनीच्या घटना न्यायालयानेही तशाच यंत्रांवर झालेलं मतदान घटनेत बसत नाही म्हटलं. कारण असं दिलं, की मोजणीचे मुख्य टप्पे तज्ज्ञ नसलेल्या नागरिकालाही तपासता आले पाहिजेत.

हाच खोंखराइप २०१० मध्ये हैदराबादचे तंत्रज्ञ हरिप्रसाद आणि मिशिगन विद्यापीठातले हॅल्डरमन यांच्याबरोबर आपल्या यंत्राच्या मागे लागला. इकडे त्याच्यामुळे नियम बदलले. तिकडे हरिप्रसादांना यंत्रचोरीच्या आरोपाखाली अटक झाली. हे मी ग्रुपवर टाकलं. जिभाऊंचं उत्तर एका शब्दाचं होतं: "मग?"

दुसऱ्या तटाचं म्हणाल तर माझा एक भाचा, पॉलिटेक्निकला शिकणारा, रोज ब्लूटूथने यंत्र फिरवल्याचे व्हिडिओ टाकतो. त्याला कितीदा सांगितलं, बाबा, ते यंत्र कुठल्या नेटवर्कला जोडलेलं नसतं, बॅटरीवर चालतं. सकाळी एजंटांसमोर किमान ५० मतांची रंगीत तालीम होते आणि संध्याकाळी एकूण मतांचा १७-सी फॉर्म त्यांच्या हातात पडतो. शंका घ्यायची तर नीट जागी घे. पूर्वी यंत्राला फक्त बटणाचा क्रमांक माहीत असायचा, तिसऱ्या बटणापुढे कमळ आहे की पंजा हे त्याला कळायचं नाही. सात सेकंद चिठ्ठी दाखवणारं व्हीव्हीपॅट आल्यापासून त्यात चिन्हं भरावी लागतात आणि ती मतदानाआधी काही दिवस, उमेदवार ठरल्यावर भरली जातात. विचारायचं तर इथे विचार. त्याने यावर अंगठा दाखवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ब्लूटूथ.

मग मी हिशोब मांडला. एका विधानसभा मतदारसंघात पाच यंत्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताळा बघतात. समजा केंद्रं ३०० आणि त्यातल्या १५ यंत्रांत खोट आहे. पाच यंत्रं सोडत काढून उचलली, तर खोट सापडायची शक्यता किती? शंभरात २३. हा आकडा मी ठळक करून टाकला. भाचा खूश, जिभाऊ गप्प.

जे टाकलं नाही तेही इथे लिहून टाकतो. लोकसभेला सहा विधानसभा मिळून ३० यंत्रं तपासली जातात. तेवढ्याच प्रमाणात खोट धरली, तर सापडायची शक्यता ७९ टक्क्यांवर जाते. ते गणित त्याच रात्री, त्याच लॅपटॉपवर, पुढच्या ओळीत होतं.

तसंच 'फोलमाख्त'चंही. इथे तुम्ही आजारी असा की सुट्टीवर, स्टेमपासच्या, म्हणजे मतदानाला बोलावणाऱ्या कार्डाच्या, मागे सही करून शेजाऱ्याला दिलीत, की तो स्वतःच्या मताबरोबर तुमचंही मत टाकून येतो. एकाला अशी दोन मतं चालतात. खान्देशात ही सोय आणली, तर गावातला एखादा वाडा सकाळी सात वाजता सगळ्या गल्लीचं मतदान उरकून घेईल आणि वर चहाही पाजेल. हे मी ग्रुपवर कधी लिहिलं नाही. इथले एक कोटी तीस-पस्तीस लाख मतदार आणि २०२४ च्या लोकसभेला आपल्याकडे प्रत्यक्ष मत दिलेले ६४ कोटी, हेही लिहिलं नाही.

ती बाजू मांडायचं काम आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, केलं. ते ग्रुपवर सहसा लिहीत नाहीत. रविवारी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "तुझं ते पेन्सिलचं वाचलं मी."

आप्पा जिल्हा परिषदेचे शिक्षक होते. नंदुरबार तेव्हा धुळ्यातच होतं, वेगळा जिल्हा झाला १९९८ ला. १९९५ च्या विधानसभेला त्यांची ड्यूटी लागली अक्राणीला, धडगावच्याही पुढच्या एका पाड्यावर. रस्ता जिथे संपला तिथून पत्र्याच्या पेट्या गड्यांच्या डोक्यावर, मागे कंदील घेऊन हे लोक. रात्री पेटी उशाशी घेऊन झोपले. म्हातारी माणसं यायची, शिक्का कुठे मारायचा ते समजून घ्यायची आणि दोन चिन्हांच्या मधोमध मारून मोकळी व्हायची. त्या फुलीच्या टोकांना बाण का असतात, हे मला लहानपणी आप्पांनी पाटीवर काढून दाखवलं होतं: कागदाची घडी पडली आणि शाई पलीकडे उमटली, तर ती उलटी दिसते, खरा शिक्का ओळखता येतो. मला वाटतं, सुरक्षेची रचना म्हणजे काय हे मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे शिकलो.

"मोजणीला दोन रात्री जागलो," आप्पा म्हणाले. "एका गठ्ठ्यावरून एजंटांची मारामारी झाली. २००४ ला यंत्र आलं तेव्हा मी घरी येऊन तुझ्या मायला म्हटलं होतं, सुटलो. कागद तू शाळेच्या हॉलमध्ये पाहिला, बापू. मी डोंगरात पाहिला."

मी बुद्धिबळाची गोष्ट सुरू केली. त्यांनी ती ऐकली आणि मग विचारलं, तिकडे शेवभाजीचा मसाला मिळतो का, की पाठवू?

जिभाऊंचं एक म्हणणं मात्र मला खोडता येत नाही. ते म्हणतात, नवं काही आलं की ते आमच्या अंगावर आधी घालून बघतात, आणि आम्ही ते वापरून दाखवतो. खरं आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला दिला गेला तो शहादा तालुक्यातल्या टेंभलीत. शेजारच्या अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तेलाचा कारखाना निघाला आणि त्याची पुढे विप्रो झाली. तिथले शेअर धरून ठेवणारे कुठल्या कुठे गेले. माझ्या मामांनी घराच्या स्लॅबसाठी विकले. तो स्लॅब गळतो. असं सगळं बघितलेल्या माणसाला मी आइंडहोव्हनहून पेन्सिलचं कौतुक सांगतोय.

ती पेन्सिल माझ्या घरात आहे. करोनाच्या २०२१ च्या निवडणुकीत प्रत्येकाला वेगळी दिली होती, घरी नेता येत होती. ती संसदेची निवडणूक, मला मत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी त्यांची माझ्या मुलीला दिली. खेमेन्तेच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, निवडणुकीला मात्र परदेशी माणसालाही पाच वर्षांच्या रहिवासानंतर मत असतं. २०१८ ला माझा स्टेमपास पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर रद्दीत गेला. २०२२ ला गेलो. चादरीएवढा कागद, त्यावर कितीतरी अनोळखी नावं. मी एका गोलात लाल रंग भरला, बाहेर आलो आणि सायकलचं कुलूप काढताना हात थोडा थरथरला. रात्री मोजणी बघायला परत गेलो. कुणीही थांबू शकतं, कुणी काही विचारत नाही. मुलांच्या चित्रांखाली टेबलं जोडून चार माणसं कागद उलगडत होती.

वय ३८. आयुष्यातलं पहिलं मत. भारतात मी एकदाही मतदान केलेलं नाही. अठराचा झालो तेव्हा पुण्यात होतो. सुट्टी नाही, परीक्षा आहे, तिकीट नाही, मग व्हिसा. परदेशातल्या नागरिकाला नाव नोंदवता येतं, सहा-अ नावाचा अर्ज असतो, फक्त मत द्यायला स्वतः केंद्रावर जावं लागतं. मी तो अर्ज भरलेला नाही. डच पासपोर्टचा अर्जही भरलेला नाही. तो भरला तर दोंडाईचा सुटतं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दोंडाईचा नगरपालिकेची निवडणूक लागली, तेव्हा दोन्ही तट जोरात होते. नगरपालिकेच्या यंत्रांना व्हीव्हीपॅट नसतं, यावर मी लांबलचक लिहून तयार ठेवलं होतं. ते पाठवायच्या आतच नगराध्यक्षासह सगळे नगरसेवक बिनविरोध झाले. कागद नाही, यंत्र नाही, बटण नाही. ग्रुपवर दोन दिवस शांतता होती. मग जिभाऊंनी मिरचीचा भाव टाकला.

मतदार यादीतल्या बोगस नावांचा विषय निघाला तेव्हा भाच्याने मला विचारलं होतं, "मामा, तुम्ही डेटाबेसवाले. एकच माणूस दोन ठिकाणी, मेलेला माणूस, गाव सोडून गेलेला माणूस, हे शोधणं किती अवघड?" मी लिहिलं, अवघड नाही, एका दुपारचं काम आहे.

मागच्या रविवारी आप्पा सांगत होते, यादी तपासायला बीएलओ बाई येऊन गेल्या. आप्पांच्याच शाळेत शिकलेल्या. ओट्यावर बसून पाणी प्यायल्या, घरातली नावं एकेक वाचली. माझ्या नावावर थांबल्या आणि विचारलं, "गुरुजी, हे इथेच राहतात ना?"

"मग तुम्ही काय सांगितलं?"

"राहतो म्हटलं," आप्पा म्हणाले. "काय सांगू दुसरं?"