पंधरा ते आठ

बेळगावच्या शहापूर भागात आमच्या दारासमोर जेमतेम दीड वार रुंदीचे अंगण होते. अंगण हा आज्जीचा शब्द. कागदोपत्री तो रस्ताच होता, आणि गवळी, शाळेच्या रिक्षा व एक मोकाट गाय हे सर्व जण कागदपत्रांच्या बाजूने होते. सीमाभागात जन्मलेल्या माणसाला वादग्रस्त भूमीचे नवल नसते, परंतु तिच्यावर रोज पहाटे साडेपाचला सडा घालून रांगोळी काढण्याचे काम आठव्या वर्षी माझ्याकडे आले, तेव्हा मला फार वाईट वाटले. माझ्याकडे आले म्हणजे आज्जीने पांघरूण ओढले.

"पंधरा ते आठ" ही वेळ नव्हे. मधल्या ओळीत 15 ठिपके, तिच्या वर आणि खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी, आणि प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध, असे 8 पर्यंत उतरत जायचे. एकूण 169 ठिपके होतात. हा हिशेब मी शाळेत बेरीज पक्की होण्यापूर्वी ओणव्याने, डोळे मिटलेल्या अवस्थेत शिकले. एक ठिपका चुकला तर तो चुकलेला आहे हे शेवटची रेघ जुळवताना कळते, आणि आज्जीला मात्र ते आतून, माजघरात बसून कळत असे.

समोरच्या घरातल्या अक्का कानडी होत्या. त्या ठिपक्याला चुक्की म्हणत. भाषेवरून त्या दोघींचे कधीही वाजले नाही. वाजत असे ते संख्येवरून. अक्कांच्या दारात 17 ते 9 दिसले की आज्जी रात्रभर कूस बदलत असे आणि पहाटे म्हणत असे, "आगे, ऊठ की! अक्कांनी सतरा घातलेत बघ. आपण एकोणीस घालायचे." एकोणीस ते दहा म्हणजे 271 ठिपके. सामना त्या दोघींचा होता, कंबर माझी होती. (अक्कांची नातही माझ्याच वयाची होती. आम्ही दोघी रस्त्याच्या दोन बाजूंना वाकून एकमेकींकडे जे पाहत असू, त्याला कोणत्याच भाषेत शब्द नाही.)

खरी फजिती चैत्रात झाली. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत आज्जी तुळशीपाशी चैत्रांगण काढायला लावी. त्यात झोपाळ्यातली गौर, सूर्य-चंद्र, शंख, गोपद्मे, कासव आणि अंबारीचा हत्ती असतो, आणि हत्तीला ठिपके नसतात. मी सोंडेपासून सुरुवात केली आणि पाय काढण्याआधीच जमीन संपली. आज्जीने तळहाताच्या कडेने माझा हत्ती पुसला आणि म्हणाली, "सोंड कशाला घाईनं काढायलीस गे? आधी पाठ काढ. पाठ बसली की हत्ती आपोआप उभा राहतो." त्या महिन्यात मी तीसेक हत्ती काढले आणि तितकेच पुसलेले पाहिले. एकविसावा की बाविसावा हत्ती वळून माझ्याकडे पाहतो आहे असे मला वाटले, आणि त्या दिवशी मी गाईला हाकलण्यासाठी स्वतःहून दारात उभी राहिले.

शाळेत ड्रॉइंगचे सर मात्र हैराण झाले. ते चित्रकार के. बी. कुलकर्णी आणि त्यांचे शिष्य रवी परांजपे यांची नावे घेऊन आपल्या गावाची परंपरा सांगत, आणि मी बाकाखाली उकिडवी बसून, पेन्सिल चिमटीत धरून, पांढऱ्या कागदावर काळ्या रेघेने काय करायचे याचा विचार करीत असे. खोडरबराची मला सवय नव्हती. मी तळहाताने पुसत असे, त्यामुळे माझी सगळी निसर्गचित्रे पावसाळ्यातली वाटत.

एकदा शाळेच्या सहलीला आज्जीही आली. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, 1204 मधली आहे, असे सर सांगत असताना आज्जी छतातल्या दगडी कमळाखाली मान वर करून उभी राहिली आणि पाकळ्या मोजू लागली. त्या 72 आहेत हे सरांनी सांगितले. आज्जीने तरीही मोजल्या, दोनदा. मग आखडलेली मान धरून ती मला म्हणाली, "बघ, वर हात करून काढलंय. आणि तू खाली वाकून कुरकुर करतेस." परतीच्या वाटेवर तिच्या मानेला मी तेल चोळले, पण तिचे लक्ष सगळे कमळाकडे होते. "अक्कांना सांगू नकोस," एवढेच ती म्हणाली.

पुढे मी रंगांकडे वळले, आणि माझे पहिले चित्र चौकटीत बसून भिंतीवर लागले. अंबारीचा हत्ती होता. आज्जी बराच वेळ पाठीची रेघ पाहत राहिली. नंतर तिने काचेला बोट लावून विचारले, "हे उद्या पुसायचं नाही?"

"नाही आज्जी. हे असंच राहणार."

"मग उद्या काय करणार तू?"

मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला पांघरूण ओढले गेले.