एका डोशाचा टॅक्स

घर एडिसनला, न्यू जर्सीत. बायको, पोरगी, देवघर सगळं तिथेच. प्रोजेक्ट मात्र लागलं ऑल्बनीला, न्यूयॉर्क राज्यात, गाडीने तीन तास. सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी रात्री परत, शुक्रवारी घरून काम. तिकडे एक खोली घेतली, आणि वर्षाचं लीज केलं तर भाडं कमी पडतं म्हणून मी शहाण्याने वर्षाचंच केलं.

टॅक्स रिटर्न भरायचा एप्रिल जवळ आला तसा सीपीएकडे, म्हणजे टॅक्सचं बघणाऱ्या अकाउंटंटकडे गेलो, आमच्याच भागातले गुजराती काका. म्हणाले, न्यूयॉर्कात किती दिवस होतास? म्हटलं, आठवड्याचे तीन, गुरुवारी तर मी घरी येतो ना! काका नुसतं हसले. तिथे दिवसाचा तुकडा पण अख्खा दिवस धरतात. १८३ च्या वर गेलास आणि दहा महिन्यांहून जास्त खोली तुझ्याकडे असली की टॅक्सपुरता तू न्यूयॉर्कचाही रहिवासी. जर्सीचा तर आहेसच, कारण डोमिसाइल, म्हणजे कायमचं घर, तिथलं. ते कसं ठरतं, तर न्यूयॉर्कचे ऑडिटवाले हेही बघतात की माणसाच्या जिवाभावाच्या वस्तू कुठे आहेत. आता आमच्याकडे चांगला कुकर एडिसनला आणि शिट्टी न होणारा ऑल्बनीला, म्हणजे माझं डोमिसाइल बायकोने आधीच ठरवून टाकलं होतं.

मग दोन रात्री ईझीपासचं (आपल्या फास्टॅगसारखं) स्टेटमेंट घेऊन टोलनाके मोजत बसलो. १८३! उठून नाचायचाच बाकी होतो, तेवढ्यात पोरगी म्हणते, बाबा, आजीकडे जाताना डोसा खाल्ला तो दिवस धरला का?

जेएफके विमानतळावरून फक्त विमान पकडायला न्यूयॉर्कात शिरलात तर तो दिवस मोजत नाहीत. पण आम्ही वाटेत फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळातल्या कँटीनला थांबलो होतो, आणि तो डोसा काही प्रवासात धरत नाहीत.

१८४.

पगाराचं एक वेळ ठीक, न्यूयॉर्कला भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट जर्सी देते, म्हणजे आपल्या टॅक्समधून वजा करते (शुक्रवारी एडिसनला पायजम्यात बसून केलेलं कामसुद्धा न्यूयॉर्क आपलंच म्हणतं, ऑफिस तिथलं ना). पण पुण्यातल्या एफडीच्या व्याजावर दोन्ही राज्यं टॅक्स लावणार आणि त्याचं क्रेडिट कुणीच देणार नाही. बायकोने हिशोब करून सांगितलं, एवढ्या पैशात सबंध सोसायटीला डोसे घातले असते.

यंदा तिकिटं नेवार्कवरून काढलीत, ते जर्सीतच येतं. पोरगी विचारतेय, तिथे डोसा मिळतो का.