आपला अभिप्राय मोलाचा आहे

गिऱ्हाईक दुकानात येऊन बोलतं, ही साडीच्या धंद्यातली मोठी कटकट आहे. पोत चाचपतं, भाव पाडून मागतं, मागच्या खेपेला नेलेल्या साडीचा रंग गेला म्हणून पिशवी गल्ल्यावर उपडी करतं. यावर उपाय निघालाय : बल्क एसएमएस. तुम्ही बोलायचं, त्यांनी वाचायचं.

आधी नंबर जमवा. बिल करताना वर न बघता विचारा, "नंबर?" कशाला, असं सहसा कुणी विचारत नाही, विचारलंच तर "कॉम्प्युटर मागतो" म्हणा. जन्मतारीखही घ्या. म्हणजे १ जूनला शुभेच्छांचा एकच मेसेज केवढ्या तरी लोकांना सोडता येतो. गावोगावच्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना करून ठेवलेली सोय अशी तुमच्या कामी येते.

मग डीएलटीवर, म्हणजे मेसेज पाठवणाऱ्यांच्या टेलिकॉम कंपन्यांकडच्या नोंदवहीत, नोंदणी. टेलिकॉम नियामक प्राधिकरणाच्या २०१८च्या नियमांनुसार दुकान नोंदवायचं, हेडर, म्हणजे नंबराऐवजी दिसणारं पाठवणाऱ्याचं नाव, घ्यायचं आणि मेसेजचा मसुदाही आधी मंजूर करून घ्यायचा. मसुद्याशी जुळला नाही तर मेसेज वाटेतच अडतो. ८ मार्च २०२१ला ही गाळणी लावली तेव्हा ओटीपीसुद्धा तिच्यात अडकले आणि आठवडाभरासाठी ती बाजूला ठेवावी लागली. तुम्हाला ती चिंता नको, तुमच्या सेलवाचून कुणाचा व्यवहार अडत नाही. हेडरला मात्र जागा सहाच. दुकानाला वडिलांचं नाव असेल तर आधी त्यातले स्वर काढून टाका. उरलेल्या रोमन व्यंजनांतून वडिलांना ओळखणं हे गिऱ्हाइकाचं काम.

२०२५पासून हेडरच्या शेवटी एक अक्षर लागतं : जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारला जी. पी दिसला की लोक न वाचता पुसतात. म्हणून बेरकी मंडळी "आपली साडी फॉल-पिको होऊन तयार आहे" असा सेवेचा मेसेज धाडतात आणि पैठणीवरची सूट त्याच्या शेपटाला बांधतात. नियमात बसत नाही म्हणे. पण फॉलही आतूनच लावतात ना?

सगळ्यात महत्त्वाचं, मराठीत लिहू नका. इंग्रजीत एका मेसेजला १६० जागा मिळतात, देवनागरीत ७०. त्यात काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळ्यांचं वेगळं तिकीट. तीन अक्षरी "ग्राहक" सहा जागा अडवून बसतो. "आदरणीय ग्राहक" म्हणेपर्यंत १३ संपल्या, "दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा" म्हटलं की आणखी २७. आदर आणि शुभेच्छा यांतच निम्म्याहून जास्त मेसेज गेला, साडीने बसायचं कुठे? आणि ७१वं चिन्ह पडलं की दोन मेसेजचे पैसे. म्हणून मराठी रोमन लिपीत लिहा. अशा एका मेसेजातला "नवा माल आला" मी "नवा मळ आला" असा वाचला होता. पुढचे दोन दिवस त्या दुकानावरून जाताना मुद्दाम आत डोकावत होतो. जाहिरात याहून जास्त काय करणार?

आता गिऱ्हाइकाचं ऐकणं. मेसेजच्या शेवटी "आपला अभिप्राय मोलाचा आहे" असं न चुकता घाला. अक्षरी हेडरला उलट उत्तर जातच नाही, त्यामुळे मोल अबाधित राहतं. उत्तरं खरंच हवी असतील तर त्यासाठी वेगळा नंबर घ्यावा लागतो, त्याचं भाडं भरावं लागतं आणि आलेलं वाचायला माणूस बसवावा लागतो. तो वाचेल, मग रंग गेल्याचं तुम्हाला सांगेल. म्हणजे फिरून पुन्हा गल्ल्यावर पिशवी!

ज्यांना मेसेजच नको असतात त्यांच्यासाठी १९०९ आहे. तो नंबर आपण होऊन कुणाला सांगू नका.

एवढं करूनही एखाद्या मावशी फोन हातात धरून पायऱ्या चढून येतीलच. "तीनदा लिहिलं रे, जातच नाही." त्यांना बसायला स्टूल द्या, माठातलं पाणी द्या. त्या बोलत असताना मान डोलवत राहा. आणि दम खायला थांबल्या की पेन उचला : "मावशी, नंबर?"