दर्जा सांभाळा, गाणे टाळा

गाणे शिकण्याची इच्छा आहे, पण आपला गळा त्या योग्यतेचा नाही अशी शंकाही मनात आहे, ही फार शुभ अवस्था असते. ती घाईने मोडू नये. त्यातून आपण सांगलीकर. ज्या गावाला नाट्यपंढरी म्हणतात आणि ज्याच्या शेजारच्या मिरजेत थोर गायक अब्दुल करीम खाँसाहेब राहून गेले, तिथे बेसूर होणे इतर गावांपेक्षा अधिक महागात पडते.

प्रथम मिरजेस जाऊन तंबोरा घ्यावा. शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तिथल्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवायला घेतली आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. तलवारीला धार लावणाऱ्यांनी भोपळ्याला हात घालावा, हा खरे तर आगाऊपणाच. पण ते असो. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुताचा धागा हळूहळू सरकवतो आणि एका जागी जवारी, म्हणजे तारेचा घुमारेदार झंकार, अशी खुलते की खोली भरून जाते. त्या वेळी डोळे मिटून मान डोलवावी. आपल्या संगीतसाधनेतला हा सर्वोच्च क्षण असल्याने तो सावकाश उपभोगावा. घरी आल्यावर तंबोऱ्याला खोळ घालून तो पाहुण्यांच्या नजरेस पडेल अशा कोपऱ्यात उभा करावा. पहाटे षड्ज लावून पाहण्याचा मोह होईल, पण भिंतीपलीकडच्या काकूंना ऐकू जाईल एवढे आठवले की तो आपोआप ओसरतो.

कोणी हितचिंतक मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भाव्यांचा दाखला देईल, त्याला बळी पडू नये. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी मराठीत तसे काही करावयास सांगितले, आणि या गृहस्थाने १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ खरोखरच उभे केले! वास्तविक, ‘सरकार, आधी पन्नास वर्षे मराठी रंगभूमी भरभराटीस येऊ द्यावी, तिचे उत्तम नमुने मला पाहू द्यावेत, मग पहिले नाटक मी अवश्य करीन,’ असे त्यांनी सविनय कळवायला हवे होते. म्हणजे दर ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, होणारी भाषणे तरी टळली असती.

गुरू मात्र जरूर शोधत राहावे. शोधण्यात कोणी नापास होत नाही.

दरम्यान रसिकतेची बाजू पक्की ठेवावी. मिरजेच्या मिरासाहेब दर्ग्याच्या उरुसात खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते. तिथे मागच्या बाजूला बैठक मारावी आणि एखादी नवखी मुलगी तानेत अडखळलीच, तर शेजाऱ्याकडे पाहून किंचित हसावे. ती पुढच्या वर्षी पुन्हा गायला बसेल आणि कदाचित अडखळणारही नाही; तेव्हा ‘तयारी वाढली, पण पहिल्यासारखा भाव राहिला नाही’ हे वाक्य आतापासूनच घोटून ठेवावे.