"एक लावली की सरळ होतंय" हा मेसेज पुढं ढकलायच्या आधी

आठवडाभर झालं, आमच्या भागातल्या तीन-चार ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. वर लिहिलंय लेकरं लाडानं बिघडतायत, आणि खाली पाच मुद्दे. दोन वर्षाचं पोर मुद्दाम हट्ट करतं, वेळेवर एक लावली की सरळ होतं. आपण मार खाऊनच मोठे झालो. घरात दोन भाषा असल्या की पोर उशिरा बोलतं. पोरगं पाच वर्षापर्यंत बोललं नाही तरी काळजी नको. आणि अंथरूण ओलं केलं तर चारचौघात लाज काढा. मी सोलापूरच्या पूर्व भागात अंगणवाडीत आहे, बरीच वर्षं झाली, आणि हे वाचून रात्री झोप लागली नाही म्हणून लिहितेय.

पहिलं ते 'मुद्दाम'. आमच्या सोलापुरातल्या गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वराच्या जत्रेत, होम मैदानावर हे दरवर्षी दिसतं बघा, अडीच वर्षाचं पोरगं पाळण्यातून उतरायला तयार नाही, धुळीत लोळण घेतंय, आई ओशाळलेली आणि बाजूनं चार जण सल्ला देतायत. त्या वयात लेकराला काय हवंय ते पक्कं कळतं पण सांगायला शब्द नसतात आणि थांबायला जमत नाही, कारण स्वतःला आवरायचं काम करणारा मेंदूचा पुढचा भाग पार पंचविशीपर्यंत तयार होत असतो. त्यात दुपारची झोप बुडालेली, पोटात काही नाही, एवढी गर्दी. अशा वेळी उचलून बाजूला न्या, खाली बसा, कमी बोला. "तुला अजून बसायचं होतं, राग आलाय ना" एवढंच. आणि पाळणा परत द्यायचा नाही! मारायचं नाही म्हणजे सगळं द्यायचं असं कुणी म्हणत नाही, मेसेज लिहिणाऱ्यानं हे दोन्ही एक करून टाकलंय. चढायच्या आधीच "दोन फेऱ्या, मग घरी" सांगितलं तर निम्मं भांडण तिथंच मिटतं. फक्त एक, रडता रडता श्वास धरून लेकरू निळं पडत असेल तर डॉक्टरला दाखवा, अंगात लोह कमी असणं हे त्यामागचं एक कारण असू शकतं आणि ते रक्त तपासून कळतं.

आता मार. आपण मार खाल्ला आणि तरी नीट झालो, ते घरात जीव लावणारी माणसं होती म्हणून. 2016 साली एलिझाबेथ गेरशॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या संशोधकांनी 75 अभ्यास एकत्र करून बघितले, दीड लाखाच्या वर मुलांची माहिती होती, त्यात साध्या चापट्यांमुळं मुलं शहाणी होतात असं काही दिसलं नाही, उलट मार आणि जास्त आक्रमकपणा हे बरोबर बरोबर दिसलं. शाळेत मारायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं बंदी आहे, बाईंनी हात लावला तर आपण भांडायला जातो, आणि घरी? दिवसभर विड्या वळून मान मोडलेली असते, मालक कारखान्यात रातपाळीला, अशा वेळी हात उठतो, मला कळतं ओ. त्या आईला मी कधीच वाईट म्हणणार नाही. पण उठलेल्या हाताला औषध म्हणू नका.

भाषेच्या मुद्द्यानं तर आमच्याकडं खरंच नुकसान केलंय. इथं घरात तेलुगू, गल्लीत मराठी, अक्कलकोटकडची आजी असली तर कन्नड, हे सोलापुरात पिढ्यान् पिढ्या चाललंय आणि सगळे बोलतातच की. लेकरू "नीळ्ळु दे" म्हणालं (नीळ्ळु म्हणजे तेलुगूत पाणी) तर ते गोंधळलेलं नाही, त्याच्याकडं दोन डबे आहेत आणि हाताला लागेल तो शब्द ते काढतंय. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजा, मराठीचे वीस आणि तेलुगूचे तीस असतील तर ते पन्नास शब्दांचं लेकरू आहे. माझ्याकडं एक आई असलंच काहीतरी ऐकून घरात तेलुगू बंद करून बसली, तिचं मराठी मोडकं, त्यामुळं ती लेकराशी बोलायचीच कमी झाली, आणि आजी तर गप्पच. आजीच्या गोष्टी परत सुरू करा म्हणून मी तिच्या पाया पडायची बाकी होते.

आणि पाच वर्षं थांबा म्हणणाऱ्यांना तर हात जोडून सांगते, नका थांबू. साधारण वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षाला "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडता यायला पाहिजेत, मग पोरगा असो की पोरगी. नसेल येत तर आधी कान तपासा. एक पोरगं होतं, "ऐकतच नाही" म्हणून रोज मार खायचं. सर्दी सारखी, एक कान वाहायचा. तपासलं तर पडद्यामागं पाणी साठलेलं. त्याला खरंच ऐकू येत नव्हतं! उपचारानंतर सहा महिन्यांत ते माझ्याशी भांडायला लागलं, इतकं बोलायला लागलं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे, त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं, तपासणी फुकट, त्या दिवशी कामाला दांडी मारा पण लेकराला आणा.

अंथरुणाचं थोडक्यात. पाच वर्षाच्या शंभरात साधारण पंधरा मुलं रात्री ओलं करतात, आईबापांपैकी कुणाला लहानपणी होतं तर जास्त, आणि कधी कधी मूळ कारण नुसतं बद्धकोष्ठ असतं. झोपेत झालेल्या गोष्टीची लाज काढून काय मोडणार? झोपायच्या आधी लघवीला न्या, सकाळी गुपचूप चादर बदला. मात्र सहा महिने कोरडं राहिलेलं लेकरू अचानक परत ओलं करायला लागलं, सारखं पाणी मागतंय, वजन उतरतंय, तर त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन साखर तपासून घ्या.