चौथं वर्तुळ

माणसांना जेवायला बोलावणं आजही सोपं आहे. अवघड आहे ते "तुम्हाला काय चालत नाही?" असं विचारून बसणं. आमच्या आजीने हा प्रश्न जन्मात कुणाला विचारला नाही. आता आमंत्रणाचा फोन केला की पलीकडून आधी पथ्यं येतात, मग अभिनंदन.

सासऱ्यांची पंचाहत्तरी नेमकी श्रावणात आली. घरचीच माणसं, २४. केटररने विचारलं, "ताई, बिनकांदा-लसणाचे किती?" म्हटलं, ११. "बिनसाखरेचे?" ९. "म्हणजे २० स्पेशल, ४ साधे," त्याने तिथल्या तिथे हिशोब संपवला.

"अहो, चार जण दोन्हीकडे आहेत. ते दोनदा धरले तुम्ही. १६च होतात."

"असू द्या ताई, वीसच धरू. कमी पडायला नको."

छेदसंच, म्हणजे दोन्ही यादींत असलेली माणसं, ही गोष्ट केटररच्या गणितात नसते. त्याचं बिल निखळ बेरजेवर निघतं.

लेक नववीत आहे आणि तिच्या गणिताच्या पहिल्या भागात पहिलाच धडा संचांचा आहे. ती म्हणाली, "आई, वेन आकृती काढू या ना, एकेका अटीचं एकेक वर्तुळ, पाच मिनिटांत कळेल कोण कुठे ते." एका जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर तिने आमटीची वाटी उपडी ठेवली आणि पेन्सिल फिरवली. पहिलं वर्तुळ कांदा-लसूण बंद, दुसरं साखर बंद, तिसरं तिखट बंद. भोवती चौकोन, तो विश्वसंच, म्हणजे आमचं समस्त खानदान. तीन वर्तुळांचे बाहेरचा धरून आठ कप्पे झाले आणि माणसं पटापट बसली. तिन्ही जिथे एकमेकांवर येतात त्या मधल्या तिकोनी कप्प्यात एकटे सासरे, म्हणजे उत्सवमूर्ती बरोब्बर गाभाऱ्यात. तिन्हींच्या बाहेर, काहीही खाणारा, माझा भाचा. तो कधीच वेळेवर येत नाही.

इतकं देखणं काम झालं होतं की मी पत्रिका फ्रिजला लावली. तेवढ्यात जाऊबाईंचा फोन. "अगं, ह्यांना गहू बंद केलाय डॉक्टरांनी."

लेकीने वाटी पुन्हा काढली. चार वर्तुळं चौकाच्या चार कोपऱ्यांसारखी, एकमेकांत घुसवून मांडली. आणि आत्याबाई हरवल्या.

आमच्या आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. चातुर्मासात कांदा-लसूण नाही आणि पित्तामुळे तिखट नाही. पण साखर आणि गहू ह्यांच्याशी त्यांचं काही वाकडं नाही. तुपात बुडवलेली पुरणपोळी त्या बघता बघता संपवतात, वर दुसरी मागतात. आता कांदा-लसूण आणि तिखट ही वर्तुळं आली समोरासमोरच्या कोपऱ्यांत. ती दोन्ही जिथे भेटत होती तिथे साखर नाहीतर गहू आधीच येऊन बसलेले. वाटी डावीकडे सरकवली, आत्याबाई मधुमेही झाल्या. उजवीकडे सरकवली, गहू सुटला.

"आत्याआजीची पुरणपोळी बंद कर ना, मग बसेल ती," लेक म्हणाली.

"तूच सांग तिला."

दोष वाटीचा नव्हता. चार अटी, प्रत्येकीला हो किंवा नाही, म्हणजे १६ प्रकारची माणसं संभवतात. चार वर्तुळं कशीही मांडा, बाहेरचा धरून फार तर १४ कप्पे पडतात. दोन प्रकार उघड्यावर. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे फक्त साखर आणि गहू हे दोनच बंद ह्यात, आमचे भावजी निघाले. ज्यांच्यामुळे चौथं वर्तुळ आलं, तेच आकृतीबाहेर!

हे इंग्लंडातल्या जॉन वेन साहेबांना १८८० मध्येच माहीत होतं. चार अटींसाठी त्यांनी वर्तुळं सोडून लंबवर्तुळं घेतली होती. (ह्याच गृहस्थांनी क्रिकेटचे चेंडू टाकणारं यंत्रही केलं होतं आणि १९०९ मध्ये केंब्रिजला आलेल्या ऑस्ट्रेलियन संघातल्या एका नामांकित फलंदाजाचा त्याने चारदा त्रिफळा उडवला. माणूस रिकामा बसणारा नव्हता.) वर्तुळं त्यांच्याही आधी ऑयलर नावाच्या गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला तर्कशास्त्र समजावताना वापरली होती. पण ऑयलर जेवढे कप्पे खरोखर आहेत तेवढेच काढायचा. वेनची रीत आमच्या सासूबाईंची: कोणी येवो न येवो, पाट मांडलेला हवा.

दिवाळीच्या मिठाईच्या लंबगोल डब्याचं झाकण सापडलं. चार लंबवर्तुळं तिरकी एकमेकांवर टाकली, सोळा कप्पे मोजून घेतले. आत्याबाईंना जागा मिळाली, भावजींना मिळाली. मी चहा टाकला.

सासूबाई चष्मा लावून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी उभ्या होत्या. "अगं, त्या दिवशी संकष्टी आहे."

त्यांचा, दोन्ही नणंदांचा आणि आत्याबाईंचा उपास. नुकत्याच टेकलेल्या आत्याबाई परत उठल्या. पाच अटी म्हणजे ३२ कप्पे. पाच लंबवर्तुळांत ते बसवता येतात, ग्रुनबाउम नावाच्या गणितज्ञाने १९७५ मध्ये दाखवून दिलंय. पण आमच्याकडे कप्पे ३२ आणि माणसं २४, त्यातला भाचा येईल की नाही ते नक्की नाही. लेकीला अचानक इतिहासाचा अभ्यास आठवला.

संध्याकाळी केटररचा फोन. मी ३२ कप्प्यांचा विषय काढताच म्हणाला, "ताई, सगळ्यांना चालेल असं एकच काय ते सांगा. तेवढंच करतो."

मी विचार केला. कांदा-लसूण नाही, साखर नाही, तिखट नाही, गहू नाही, उपासाला चालतं. पाचही गाळण्यांतून खाली उरली ती भगर. सोबत दाण्याची फिकी आमटी.

"पंचाहत्तरीला भगर?" त्याचा आवाज जरा पडला. मग पेन शोधल्याचा आवाज आला. "चालेल. २४ उपासाचे लिहितो. उपासाच्या पानाचा रेट वेगळा आहे ताई, तेवढं सांगून ठेवतो."