वरण सोडून यूरिक ॲसिड जातं? नाही जात

व्हॉट्सॲपवर तो मेसेज परत फिरतोय. यूरिक ॲसिड (रक्तातला टाकाऊ पदार्थ, जास्त साचला की सांधे सुजवतो) वाढतं ते फक्त खाण्यामुळे, तूरडाळ राजमा पालक बंद करा, सकाळी लिंबूपाणी घ्या, महिन्यात मुळासकट जाईल, आणि डॉक्टरच्या गोळ्या किडनी खराब करतात. बास, अंगठा सुजला की घरातलं वरणच बंद.

"फक्त खाण्यामुळे" इथेच गाडी घसरते. साधारण दोन तृतीयांश यूरिक ॲसिड शरीर स्वतःच बनवतं, आणि बहुतेक पेशंटमध्ये घोळ असतो तो ते बाहेर कमी जाण्याचा. किडनी गाळलेल्यातलं जवळपास ९०% परत रक्तात ओढून घेते, ते काम यूआरएटी१ आणि ग्लूट९ ही ट्रान्सपोर्टर, म्हणजे ने-आण करणारी, प्रोटीन्स करतात, आणि एबीसीजी२ नावाचं प्रोटीन आतड्यात नि किडनीत ते बाहेर ढकलतं. या एबीसीजी२ च्या जीनमध्ये क्यू१४१के नावाचा एक बदल सापडतो, म्हणजे १४१ व्या जागी ग्लुटामिनऐवजी लायसिन, एवढंच, पण बाहेर ढकलायची ताकद साधारण निम्मी होते (हे २००९ मध्येच छापून आलंय). आता उलटं बघा, जपानमध्ये काही जणांचा यूआरएटी१ चा जीनच बिघडलेला असतो, त्यांचं यूरिक ॲसिड १ च्याही खाली (रिपोर्टमधला आकडा, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर), आणि जेवण चारचौघांसारखंच. मग ते कुठली डाळ सोडून बसलेत?

२०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये युरोपियन वंशाच्या १६ हजारांवर अमेरिकन लोकांचा अभ्यास आला होता. माणसामाणसातल्या यूरिक ॲसिडच्या फरकात आहाराच्या कुठल्याही एका पद्धतीचा, म्हणजे एकूण काय काय खाता त्याचा, वाटा ०.३% च्या वर नाही, जीन्सचा जवळजवळ २४%.

डाळ-पालकाचं म्हणाल तर २००४ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात मटण आणि मासळीने गाऊटचा (यूरिक ॲसिडचे खडे साचून सांधा सुजण्याच्या आजाराचा) धोका वाढला, प्युरीनवाल्या (ज्यापासून यूरिक ॲसिड बनतं ते प्युरीन) भाज्यांनी नाही, दूधदुभत्याने तर कमी झाला. बिअर मात्र खरीच गुन्हेगार, साखरेची कोल्ड्रिंक्सपण. तिथे माझ्याकडून सूट नाही. (मेसेजमध्ये बिअरचा शब्द नाही, गंमतच आहे.)

लिंबूपाणी प्या की, पण त्याने तुमचा जीन बदलत नाही.

गोळ्यांचं जरा नीट. ॲलोप्युरिनॉल यूरिक ॲसिड बनणं कमी करतं, प्रोबेनेसिड थेट यूआरएटी१ ला अडवतं. ॲलोप्युरिनॉलचा खरा धोका वेगळाच आहे, एचएलए-बी*५८:०१ हा जीन असलेल्यांना त्वचेची गंभीर रिॲक्शन येऊ शकते, म्हणून डोस कमीपासून सुरू करतात आणि अंगावर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठायचा. गाऊटचा वारंवार अटॅक येणाऱ्याने मेसेज वाचून गोळी सोडली की आकडा परत ६ च्या वर जातो आणि सांध्यात खडे साचत राहतात. आणि ज्यांचा नुसता रिपोर्ट ७.२ आलाय, सांधा कधी सुजला नाही, त्यातल्या बहुतेकांना गोळीच लागत नाही, डाळ सोडणं तर दूरच.